आबा, गाडी फाट्यावर वळली

आबा, गाडी फाट्यावर वळली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला जे काही ओरडायचं असेल ते ओरडून मोकळे व्हाल आणि पुढचं नीट ऐकाल. शाहूवाडीत शिरल्यावर उजव्या हाताला तो फाटा लागतो. वडाखाली आता चहाची टपरी झाली आहे. तिथं मी इंडिकेटर दिला, आरशात बघितलं आणि आईच्या माहेरच्या रस्त्याला गाडी घातली. तुमच्या हयातीत जे कधी झालं नाही ते परवा चैत्रातल्या एका सकाळी झालं. आई माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला तेव्हा मला वाटलं, रडते आहे. बघितलं तर हसत होती.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मधलं बरंच काही समजावून सांगावं लागणार. आईचं गाव उठलं ते तुमच्या डोळ्यांदेखतच. जंगल राखीव झालं, माणसं खाली सपाटीला आणून वसवली, मामांना प्लॉट मिळाले. तुम्ही तेव्हा पेपर खाली न ठेवता म्हणाला होता, "बरं झालं. आता बोलवायचं बी कारण न्हाय." पण त्याच जागी आता राष्ट्रीय उद्यान आहे. फाटक आहे, तिकीट आहे, आणि वसंतात लोक मुद्दाम गाड्या काढून ते डोंगर बघायला जातात. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती पोळपाट सोडून माझ्याकडे बघत राहिली. "बाग केली व्हय आमच्या गावाची?" म्हणाली. "बाकडी ठेवल्यात का बसायला?" मामांच्या नव्या वसाहतीत ती जाऊन येते, नाही असं नाही, पण तिथून आली की दोन दिवस गप्प असते. "तिथं भाऊ हाईत," म्हणते, "माहेर वरच राह्यलं." तिला एकदा त्या जागेवर जाऊन उभं राहायचं होतं. एवढंच तिचं मागणं होतं. गुडघे आता जिना चढू देत नाहीत, पुढच्या साली चालता येईल का याची तिलाच खात्री नाही, आणि मध्ये आडवी होती तुमची शपथ.

त्या शपथेची गोष्ट मी तुमच्याच तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की झोपेतही सांगेन. लग्नाचं पहिलं वर्ष. तुम्ही बायकोला घेऊन सासुरवाडीला गेलात. गावात मटणाचे वाटे पडले होते. सासऱ्यानं जावयासाठी वाटा घेतला, आणि त्या वाट्यात नेमकी एकच नळी आली. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगावं लागतं की नळी म्हणजे मगज भरलेलं हाड, पण कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला हे सांगायला गेलं तर तो आपल्याकडेच संशयानं बघतो. पंगतीला घरात आलेला एक बैलांचा व्यापारीही बसला होता. तुमच्या ताटात फोडी आल्या, रस्सा आला, भाकरी आली. नळी आली नाही. तुम्ही वाट बघितली. दुसऱ्यांदा रस्सा मागून बघितला. मग तुमची नजर व्यापाऱ्याच्या ताटाकडे गेली, तिथं हाडं दिसली, आणि तुम्ही तिथल्या तिथं निकाल लावला की जावयाची नळी पावण्याला वाढली. अर्धपोटी उठलात, हात धुतलात आणि अंगणात उभं राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणालात, "ह्या उंबऱ्यावर माझा पाय आणि माझ्या गाडीचं चाक पुन्हा पडणार न्हाय!" तुमच्याकडे तेव्हा सायकल होती. पुढं ती शपथ आपोआप फटफटीला लागू झाली आणि तिथून जीपला.

आणि नळीचं म्हणाल तर ती आम्हा पोरांना कधी दिसलीच नाही. दर रविवारी आपल्या बावड्याच्या घरच्या स्वयंपाकघरात पंगत बसते, आई पातेल्यात पळी घालून तळातून नळी शोधते आणि तुमच्या ताटात ठेवते. तुम्ही ती ताटाच्या काठावर ठोकता. तो ठक ठक आवाज माझ्या कानात अजून आहे. एकदा मी नळी मागितली होती. सात-आठ वर्षांची असेन. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी तुमची जमीनच मागितली होती, आणि आई घाईनं म्हणाली, "बायकांनी नळी खाऊ नये, आवाज घोगरा हुतो." मी ते पुढं कितीतरी वर्षं खरं धरून चालले.

तुमची वसंतातली सहल तर मी कुणालाही सांगितली तरी खरी वाटत नाही. कारखान्याचा गळीत हंगाम संपला, बॉयलर थंड झाले, तुमच्या वर्कशॉपमधली धावपळ निवली, की पाडव्यानंतरच्या एका रविवारी तुम्ही जीप पुसून उभी करायचा. "चला, डोंगर बघून येऊ." आम्ही डबे घेऊन मागं कोंबून बसायचो. तुमच्या शेजारची पुढची सीट ही पाना-पकडीच्या पिशवीची. आणि मग कोल्हापूर सोडल्यापासून आंब्याच्या घाटापर्यंत तुम्ही गाडी कुठंही थांबवायचा नाही. करवंदं विकणाऱ्या बायका हात करतात, पांगारा लाल होऊन उभा असतो, पन्हाळ्याच्या बाजूला धुकं असतं, आणि आई मागून म्हणते, "अवो, जरा थांबवता का?" तुमचं उत्तर ठरलेलं. "मोशन तोडायचं न्हाय. इंजनला सवय वाईट लागती." तुम्ही "त्ये बघा!" म्हणायचा तोवर ते जे काय असेल ते मागं पडलेलं असायचं. घाटमाथ्यावर मात्र थांबायचा, कारण तिथं इंजिन तापायचं. सगळी दरी पुढ्यात पसरलेली आणि तुमचं डोकं बॉनेटात. वर काढून विचारायचा, "बघून झालं का? चला मग."

तो फाटा आला की मात्र तुम्ही ॲक्सिलेटर दाबायचा. जीपची आदळआपट वाढली की आम्हा पोरांना डोळे मिटूनही कळायचं, आईचं माहेर गेलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि फाटा मागं पडला की सोडायची. मला वाटायचं, तिला उलटीसारखं होत असेल.

तुम्ही मला गाडी शिकवली तेव्हाची गोष्ट आठवते. कारखान्यामागचं उसाच्या गाड्यांचं रिकामं पटांगण, उन्हाळा, आणि मी जीपच्या स्टेअरिंगमागं घामाघूम. "क्लचवरचा पाय काढ की! काय सासूचं पाय दाबत बसलीस व्हय?" तुमचा आवाज ऐकून वॉचमन बाहेर यायचा आणि मी दिसले की तोंड फिरवून परत आत जायचा. शिव्या खाऊन खाऊन मी तुमच्यापेक्षा चांगली चालवायला शिकले, हे तुम्ही कधी कबूल केलं नाहीत. पण माझ्या लग्नात लोकांनी मिक्सर आणि पितळी समया दिल्या, तुम्ही खोक्यात घालून जॅक दिलात. आमच्या घरी तेव्हा सायकलसुद्धा धड नव्हती. सासूबाईंनी तो दोन महिने कपाटात ठेवला होता, चांदीचा काहीतरी प्रकार असेल म्हणून. "गाडी येईलच की," एवढंच तुम्ही म्हणाला होता. मला तेव्हा फार राग आला होता.

तर गाडी आली, आबा. यंदा पाडव्याला मी स्वतःच्या पगारावर घेतली. आईला दाखवायला बावड्याला गेले तर ती गाडीभोवती फिरली, टायरला हात लावला आणि विचारलं, "कागदावर कुणाचं नाव हाय?"

"माझं."

"जावयाचं न्हवं?"

"नाही आई, माझं एकटीचं."

"आणि तुझ्या आबांचं?"

"त्यांचं कसं असेल गं?"

आईनं थोडा विचार केला. ती विचार करताना खालचा ओठ आत घेते, तुम्हाला माहीत आहे. मग म्हणाली, "त्यांनी म्हटलंतं, माझा पाय आणि माझ्या गाडीचं चाक. ते गेलं तरी त्यांचा शब्द हाय, तो मी मोडणार न्हाय. पर ही गाडी काय त्यांची न्हवं." मोठमोठ्या वकिलाला सुचलं नसतं असं ते कलम होतं. मी काही बोलायच्या आत ती आत गेली आणि शेजारच्या पोराला हाक मारून मटण आणायला पाठवलं. मी म्हटलं, अगं जंगलात जायचं आहे, तिथं चूल पेटवू देत नाहीत. "चूल कोण पेटवतंय? करूनच न्हेते की. माहेराला काय रिकाम्या हातानं जायचं?"

झालं. एका डब्यात सुकं, एका डब्यात भाकऱ्या, थर्मासमध्ये पांढरा रस्सा. चहासाठी म्हणून मी हौसेनं घेतलेला थर्मास होता तो. त्यातून आता जन्मात चहा पिता येणार नाही.

फाट्यावरून पुढं रस्ता चढायला लागतो. आबा, तुम्ही काय काय बघितलं नाहीत हे सांगायला बसले तर पानं पुरणार नाहीत, पण कुसुंबाचं सांगते. चैत्रात कुसुंबाला नवी पालवी लाल येते, अशी की लांबून अख्खं झाड फुललंय असं वाटतं. मी गाडी थांबवली. आई दचकली. "काय झालं? पंक्चर?" मी म्हटलं, काही नाही, झाड बघायला थांबलो. "नुसतं बघायला?" तिनं मागं वळून बघितलं, रस्त्यावर कुणी रागावायला येतंय का याची खात्री करत असावी. मग काच खाली केली आणि निवांत बघत बसली. पुढं पांगाऱ्याला थांबलो. अंजनीच्या निळ्या झुडपाला थांबलो. एका ओढ्याला थांबलो, त्यात पाणी नव्हतं तरी. तासाभराच्या रस्त्याला आम्ही सकाळ घालवली. नंतर नंतर तर आईच हुकूम सोडायला लागली, "हितं थांब. आता मागं घे थोडी. हां." तुम्ही असता तर इंजिनाची सवय कायमची बिघडली म्हणाला असता.

फाटकावर वनरक्षक एक बाई होती. चाळिशीची, खाकी शर्ट-पँट, केसांना चापून तेल, गळ्यात शिट्टी. खाजगी गाडी सोडायची तर तिनं बरोबर यायचं असा नियम. तिनं खिडकीतून आत मान घातली आणि नियम म्हणायला सुरुवात केली. प्लॅस्टिक न्यायचं नाही, गाणी लावायची नाहीत, सांगितल्याशिवाय उतरायचं नाही, जंगलातून काडीसुद्धा बाहेर आणायची नाही. मग ती थांबली आणि तिनं नाक वर केलं.

"मावशी, डब्यात काय हाय?"

"मटाण."

"वाघाच्या जंगलात मटाण घिऊन चाललाय?"

"वाघ आमचं काय खातोय?" आई म्हणाली. "तिखट सोसायचं न्हाय त्याला."

वनरक्षक बाईला हसू आलं होतं, पण खाकी घातलेल्या माणसाला लगेच हसता येत नाही. डबा घट्ट बंद, गाडीतच राहील, आत उघडायचा नाही या अटीवर आम्हाला सोडलं. ती मागच्या सीटवर बसली आणि डबा तिच्याच शेजारी होता. पुढचा सगळा वेळ ती आम्हाला जंगलाची माहिती सांगत होती आणि मधेच वाक्य विसरत होती. आईला ती माहिती पसंतच पडत नव्हती. बाईनं सांगावं, हा गवताळ पट्टा आहे, इथं गवे चरतात. आईनं म्हणावं, "पट्टा कसला, आमचा नाचणीचा माळ हाय तो." बाईनं पाणवठा दाखवावा आणि आईनं त्यात कोण कोण पडलं होतं ते नावानिशी सांगावं. शेवटी बाई म्हणाली, "मावशी, तुमीच सांगा, मी ऐकते." गवा मात्र एकही दिसला नाही. बाई हळहळली. आई म्हणाली, "त्याला बघायला हितं कशाला यायचं? गेल्या साली आमच्या बावड्यात उसात आलता की, गर्दी जमलीती नुसती."

निरीक्षणाचा मनोरा जिथं उभा केला आहे तिथं गाडीतून उतरायला परवानगी आहे, आणि मनोऱ्याच्या पलीकडं काही पावलांवर आईचं घर होतं. होतं म्हणजे जोतं होतं. काळ्या दगडाचं, गुडघाभर, त्याच्यावर पालापाचोळा. आईनं माझा हात सोडला. काठी न टेकता ती चालत गेली, उंबऱ्याच्या दगडाला वाकून हात लावला, तो कपाळाला नेला आणि आत शिरली. आत म्हणजे काय, चारी बाजूंनी उघड्यावरच. पण ती दारातून गेली, आबा. भिंत नसलेल्या घरात ती सोप्यातून माजघरात गेली, माजघरातून वळून स्वयंपाकघरात. जिथं दार नव्हतं तिथून ती एकदाही गेली नाही. मी मात्र सरळ जोत्यावर चढायला गेले तर ओरडली, "भिंतीतनं कुठं यितीस!" मी मुकाट्यानं उतरून दारातून आले. वनरक्षक बाईसुद्धा दारातून आली.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आई बसली. गुडघे दुखत असताना खाली बसली, आता हिला उठवायचं कसं या विचारात मी होते. तिनं जमिनीवरचा पाला हातानं बाजूला सारला आणि बोट टेकवून म्हणाली, "हितं बसून मी नळी खाल्ली."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, कुठली नळी?

"कुठली म्हंजे? तीच की. तुझ्या आबांची."

आबा, जरा बसून घ्या. मग आई सगळं बोलली, अगदी काल घडल्यासारखं. मी तिच्या पोटात होते. नुकतंच कळलं होतं, अजून तुम्हालाही सांगितलेलं नव्हतं. आजीनं नळी वाटीत बाजूला काढून जावयासाठी झाकून ठेवली आणि पाणी आणायला गेली. वास सुटला होता. "मला काय झालं मलाच कळलं न्हाय बघ. झाकण काढलं. नुसतं चाखायचं म्हटलं. एकदाच वढली आणि सगळा मगज तोंडात आला." आजी परत आली, रिकामी नळी बघितली, लेकीचं तोंड बघितलं आणि ती नळी चुलीत टाकली. मग तुमची पंगत, तुमची वाट बघणं, तुमचं उठणं. अंगणात तुम्ही ओरडत होता तेव्हा सगळं घर दारात उभं होतं आणि आजीनं आजोबांच्या कानात खरं सांगितलं होतं. आजोबांनी तुमच्यापुढं हात जोडले. "चुकलं जावईबापू," म्हणाले, "पावण्याला वाढली गेली." त्या गरीब व्यापाऱ्याच्या ताटात बिचाऱ्याच्या नुसत्या बरगड्या होत्या. पण नव्या नवरीनं नवऱ्याची नळी खाल्ली हे सासरी गेलं असतं तर पोरीला नाव पडलं असतं, म्हणून सगळ्या घरानं आळ अंगावर घेतला. आजोबा गेले तेव्हा तुम्ही त्यांच्या मातीलासुद्धा गेला नाहीत, आबा. आईनं तेव्हाही तुम्हाला खरं सांगितलं नाही.

"मग सांगितलं का नाहीस गं त्यांना?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"सांगणार हुते की. दरसाल ठरवायची. गाडी फाट्याला आली की म्हणायची, आज वळली तर उंबऱ्यावर उभं ऱ्हाऊन सांगीन. हिथंच सांगायचं हुतं मला, माझ्या आई-बाच्या म्होरं. घरात, भांडी घासताना सांगायची गोष्ट हाय व्हय ती? आणि गाडी काय वळायची न्हाय."

म्हणजे ते पदराचं टोक. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि कुठलं आधी पुसावं कळेना. वनरक्षक बाई तर तोंडावर टोपी धरून जोत्यावर बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. मग आईही हसायला लागली. मोकळ्या जंगलात तीन बायका इतक्या मोठ्यानं हसल्या की वरच्या झाडावरून माकडं पळाली. मी मनात हिशोब केला तर निघालं असं, की ती नळी शेवटी माझ्याच पोषणाला लागली. जिच्यावरून दोन घरं बोलायची थांबली, ती मी जन्माच्या आधीच खाऊन बसले होते.

उठायच्या वेळेला वाद झाला. स्वयंपाकघराच्या मागं आंबा आहे, आईच्या आज्जानं लावलेला, रायवळ. त्याखाली कैऱ्या पडल्या होत्या. आईनं दोन उचलून ओच्यात घातल्या.

"मावशी, ठेवा खाली. काडीबी न्यायची न्हाय म्हटलं हुतं ना?"

"माहेराहून लेक रिकामी जाती व्हय कधी?"

"हितलं सगळं जनावरांचं असतंय. गवं खात्यात त्या."

"गव्यानं लावलंय व्हय झाड? माझ्या आज्जानं लावलंय!"

दोघी कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. बाईची नोकरी, आईचं माहेर, कुणीही मागं हटेना. मी मध्ये पडायला गेले तर दोघींनी मला एकाच वेळी गप्प केलं. मग आईनं थोडा विचार केला, खालचा ओठ आत घेतला. "न्यायची न्हाय म्हंतीस. खाऊ का न्हाय, त्ये लिवलंय का तुझ्या फाटकावरच्या फळ्यावर?" बाईला काही आठवेना. तिनं डोळे वर करून सगळे नियम मनात म्हणून बघितले. मग हळूच म्हणाली, "एकच. माझ्यासमोर. आणि कोय हितंच टाकायची." आईनं कैरी चुलीच्या जागच्या दगडावर आपटून फोडली. कवळी काढून रुमालात ठेवली आणि आपल्या वाटणीची फोड हिरड्यांनी चोखायला बसली. एक फोड मला, एक बाईला. कैरी इतकी आंबट होती की बोलणंच बंद झालं. "बघ," आई म्हणाली, "पोटात घालून न्हेते. फाटकावर झडती घे हवी तर."

फाटकाबाहेर एका टपरीच्या सावलीत डबे उघडले. वनरक्षक बाईची जेवणाची सुट्टी होती, तिलाही बसवलं. तिनं पहिला घास घेतला आणि डोळे पुसत म्हणाली की वाघाविषयी मावशी म्हणाल्या त्ये बरोबरच हाय. आईनं वाढलं. मला वाढलं, तिला वाढलं. मग डब्यात पळी घातली आणि तळातून नळी काढली. माझा हात सवयीनं आखडला, आपल्याला नसतेच म्हणून. आईनं ती मला दिली नाही. पावणीला दिली नाही. कुणाला विचारलंही नाही. स्वतःच्या भाकरीवर घेतली, ठोकली, आणि रस्त्यावरच्या माणसांनी वळून बघावं एवढ्या मोठ्या आवाजानं ओढली. मग पदरानं तोंड पुसलं. अख्ख्या आयुष्यात ती मला इतकी तरणी कधी दिसली नव्हती.

परतीला तिचा डोळा लागला होता, फाटा कधी आला ते तिला कळलं नाही. मी गाडी हळू घेतली, जागं केलं नाही.

मगाशी तिनं स्वयंपाकघरातून विचारलं, काय लिवतीस एवढं? मी म्हटलं, ऑफिसचं. हे कुठं टाकायचं हा प्रश्नच आहे, पण तुमचा पत्ता असता तरी टाकलं नसतं. आजोबा तिथंच कुठंतरी असणार. तुम्ही अजून त्यांच्याशी बोलत नसणार, याची मला खात्री आहे. हे वाचलं तर तुम्हाला उठून त्यांच्या पाया पडायला जावं लागेल, आणि तुमच्यासारख्या माणसाला तिथं तरी असं कोंडीत पकडू नये. लहानपणी तुमचं आणि आईचं वाजलं की तुम्ही मला मध्ये उभी करायचा आणि विचारायचा, "तू कुणाच्या बाजूची गं?" मी दरवेळी तुमचं नाव घ्यायची. आई पाठमोरी उभी राहून ऐकायची. ते भीतीनं नव्हतं आबा, मला खरंच तुम्हीच बरोबर वाटायचा. आता विचारू नका.